सिडनीत घर घेण्याआधी पूर, वणवा आणि झोनिंग कसं तपासायचं?

ओसरी

नमस्कार मंडळी. आम्ही सहा वर्षं सिडनीच्या वेंटवर्थव्हिलमध्ये भाड्याने राहिलो, आता स्वतःचं घर बघतोय. बजेटमध्ये बसतील अशी दोन घरं मनात भरली आहेत, पण दोन्हींच्या कागदांत असं काही निघालंय की रात्री झोप लागत नाही.

पहिलं घर रिव्हरस्टोनच्या बाजूला, ईस्टर्न क्रीकपासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर. एकमजली, विटांचं, ६०० चौरस मीटर जागा, मागे लिंबाचं झाड. मुलीने तिची खोलीसुद्धा ठरवून टाकली. काँट्रॅक्टला जोडलेल्या सर्टिफिकेटमध्ये मात्र ही जमीन 'फ्लड प्लॅनिंग एरिया'त असल्याचं लिहिलंय. एजंटला विचारलं तर म्हणाला, "२०२१ आणि २०२२ मध्ये एवढे पूर आले, या घराला थेंब लागला नाही." शेजारच्या आजींनीही हेच सांगितलं आणि त्या खोटं बोलतायत असं वाटलं नाही.

दुसरं घर हॉर्न्सबीच्या पलीकडे, उताराच्या वरच्या टोकाला. मागचं कुंपण संपलं की लगेच बुश, म्हणजे रान, सुरू होतं. त्याच्या सर्टिफिकेटमध्ये 'बुशफायर प्रोन लँड'.

आईबाबा वर्षातले काही महिने इथे असतात, म्हणून पुढेमागे ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे अंगणात छोटं वेगळं घर, बांधायचा विचार आहे. पहिल्या घराचं ऑक्शन तीन आठवड्यांवर आलंय. या शब्दांचा खरा अर्थ काय, कुठे काय विचारायचं आणि कशाला घाबरायचं, हे अनुभव असलेल्यांनी सांगावं. पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा सातबारा, एनए, बिल्डरचे कागद बघणारे काका होते. इथे आम्हीच.

कागदपत्र

ओसरी, मी गेली अकरा वर्षं सिडनीत कॉन्व्हेयन्सिंगचं, म्हणजे घरखरेदीच्या कायदेशीर कागदांचं, काम करते, म्हणून आधी कागदाबद्दल लिहिते.

न्यू साउथ वेल्समध्ये विकणाऱ्याला काँट्रॅक्टसोबत काउन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, १०.७(२) सर्टिफिकेट जोडावंच लागतं. २०१८ पर्यंत याला १४९ म्हणत, जुनी माणसं अजून तेच म्हणतात. जमिनीचा झोन कुठला (म्हणजे तिथे काय बांधता येतं), रस्त्यासाठी किंवा ड्रेनेजसाठी ती संपादित होणार आहे का, वणव्याच्या नकाशात आहे का, पुरासंबंधीचे बांधकाम-नियम लागतात का, हे त्यात असतं. पुराच्या कलमात २०२१ पासून दोन वेगळे प्रश्न आहेत. जमीन फ्लड प्लॅनिंग एरियात, म्हणजे पुराचे बांधकाम-नियम लागणाऱ्या मुख्य भागात, आहे का, हा पहिला. त्या एरियाच्या वर पण कमाल संभाव्य पुराच्या आत असून तिथे नियम लागतात का, हा दुसरा. पहिल्याला 'नाही' दिसलं की लोक पान उलटतात. दुसरं उत्तर वाचतच नाहीत.

हे सर्टिफिकेट नियमांबद्दल बोलतं. पाणी कितीपर्यंत येतं, कुठून येतं, आधी आलं होतं का, यातलं काही ते सांगत नाही. काउन्सिलकडून १०.७(५) वेगळं मागवता येतं, त्यात जास्तीची माहिती असू शकते. पण तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या पत्त्यासाठीचं पुराच्या पातळीचं पत्र. प्रत्येक काउन्सिलमध्ये त्याचं नाव वेगळं, म्हणून नावापाशी अडू नका. "या लॉटवर १ टक्क्याच्या पुराची पातळी आणि कमाल संभाव्य पुराची पातळी किती मीटर ए.एच.डी., लेखी द्या" एवढं स्पष्ट मागा. १ टक्क्याचा पूर म्हणजे दर वर्षी यायची १ टक्का शक्यता असलेला, आणि ए.एच.डी. म्हणजे साधारण समुद्रसपाटीपासूनची उंची. थोडी फी आणि काही दिवस लागतात. आजच अर्ज करा, कारण ऑक्शनला कूलिंग ऑफ, म्हणजे सही करून मागे फिरायची मुदत, नसतं. हातोडा पडला की घर तुमचं.

ऑक्शनशिवाय घेतलंत तर पाच कामकाजाचे दिवस मिळतात आणि मागे फिरलात तर किमतीच्या ०.२५ टक्के जातात, म्हणजे दहा लाख डॉलरच्या घराला अडीच हजार. फक्त त्या आधी '६६डब्ल्यू'वर तुमच्या वकिलाची सही घेतली असेल तर ते दिवसही जातात. एजंट घाई करतो ती बहुधा याच कागदासाठी.

पाणवठा

मी पुराच्या अभ्यासाचं, म्हणजे मॉडेलिंगचं काम करतो. धाग्यातलं एक वाक्य वाचून थांबलो: 'या घराला थेंब लागला नाही.' एजंट खरं बोलत असणार. तरीही त्यावरून काही ठरत नाही. का, ते जरा सविस्तर लिहितो.

हॉक्सबरी-निपियनचं खोरं विचित्र आहे. बऱ्याच ठिकाणी नदी समुद्राकडे जाताना रुंद होत जाते. इथे उलटं आहे. पेनरिथ, रिचमंड, विंडसर हा सगळा पसरट सखल भाग, आणि त्याच्या खाली सॅकव्हिलपासून नदी अरुंद दरीत शिरते. वरून वॉरागांबा, निपियन, ग्रोस आणि साउथ क्रीकचं पाणी येत राहतं, खाली तेवढं जाऊ शकत नाही. बाथटबचे चार नळ सोडावेत आणि खालचं भोक लहान असावं, तसं. मग पाणी मागे सरकायला लागतं. साउथ क्रीकमध्ये उलटं चढतं, तिथून ईस्टर्न क्रीकमध्ये, आणि नदीपासून बरंच लांब असलेल्या रिव्हरस्टोनपर्यंत पोचतं. तुमच्याकडे पाऊस थांबून ऊन पडलेलं असेल, तरी पाणी चढत असतं. म्हणून 'क्रीक अर्धा किलोमीटर लांब आहे' हे अंतर इथे कामाचं नाही. उंची कामाची.

आता आकडे. विंडसरला मार्च २०२१ मध्ये पाणी १२.९ मीटरपर्यंत चढलं, मार्च २०२२ मध्ये १३.८, जुलै २०२२ मध्ये १३.९. १ टक्क्याचा पूर, म्हणजे ज्याला लोक 'शंभर वर्षांचा पूर' म्हणतात, तो विंडसरला सुमारे १७ मीटरवर आहे. २०२२ च्या पुरापेक्षा तीन मीटर उंच. एक अख्खा मजला. आणि १८६७ मध्ये खरोखर आलेला पूर १९ मीटरच्याही वर होता. तो मॉडेलमधला नाही, घडलेला आहे.

मागे चढलेलं पाणी तुमच्याकडेही साधारण विंडसरच्याच पातळीला असतं. म्हणजे २०२२ मध्ये घर कोरडं राहिलं याचा अर्थ इतकाच की ते १४ मीटरच्या वर आहे. १७ च्या वर आहे का, ते शेजारच्या आजींना माहीत असायचं कारण नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीनंतर २०२१ पर्यंत या खोऱ्यात मोठा पूरच आला नाही. जवळपास तीस वर्षं. तेवढ्यात वस्त्या उभ्या राहिल्या, मुलं मोठी झाली.

'शंभर वर्षांचा' हा शब्द मला फार घातक वाटतो. त्याने मनात येतं, की एकदा येऊन गेला तर पुढची शंभर वर्षं सुटलो. खरा अर्थ असा की दर वर्षी १ टक्का शक्यता, गेल्या वर्षी आला असला तरी. तुमचं गृहकर्ज तीस वर्षांचं असेल. दर वर्षी न येण्याची शक्यता ०.९९, ती तीस वेळा गुणा, ०.७४ येतात. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के. साधारण चारात एक.

म्हणून तीन आकडे मिळवा: जमिनीची पातळी, घराच्या जोत्याची म्हणजे फ्लोअरची पातळी, आणि १ टक्क्याच्या पुराची पातळी. तिन्ही मीटर ए.एच.डी.मध्ये, म्हणजे एकाच शून्यापासून मोजलेल्या. फ्लोअरची पातळी काउन्सिलकडे नसली तर सर्व्हेयर काही तासांत मोजून देतो. नवीन बांधकामाला काउन्सिल साधारणपणे १ टक्क्याच्या पातळीवर आणखी अर्धा मीटर धरतं. जुन्या घराला तो नियम त्या काळी नसेलही.

आणि घर कोरडं राहिलं तरी रस्ता राहील का, हे विचारा. या खोऱ्यात बऱ्याच वस्त्या आधी बेट होतात आणि मग बुडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य सरकारने मार्सडन पार्क नॉर्थची नियोजित वस्ती रद्द केली आणि वेस्ट स्कोफिल्ड्सची कमी केली. एवढी माणसं वेळेत बाहेर काढता येणार नाहीत, हे त्यामागचं मुख्य कारण होतं.

ट्राम७०

मेलबर्नहून. इथे सर्टिफिकेटऐवजी विकणाऱ्याचं 'सेक्शन ३२' असतं आणि झोनच्या वर 'ओव्हरले', म्हणजे धोक्यानुसार जादा नियमांचे थर, बसतात. नदीच्या पुराचा ओव्हरले एल.एस.आय.ओ., रस्त्यांवरून वाहणाऱ्या पाण्याचा एस.बी.ओ., वणव्याचा बी.एम.ओ. 'विकप्लॅन' या सरकारी साइटवर पत्ता टाकला की त्या जागेचा रिपोर्ट फुकट मिळतो. कूलिंग ऑफ तीनच दिवस, ऑक्शनला इथेही नाही.

एक सांगावंसं वाटतं: नकाशे बदलतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये मारिबिर्नाँग नदीला पूर आला. त्यानंतर २०२४ मध्ये मेलबर्न वॉटरचं नवं मॉडेल जाहीर झालं, आणि केन्झिंग्टनमधली बरीच घरं, जी घेताना कागदावर स्वच्छ होती, ती एका रात्रीत पूरक्षेत्रात दिसू लागली. तेव्हा आजचा नकाशा कोणत्या सालच्या अभ्यासावर आहे आणि नवा अभ्यास चालू आहे का, हेही काउन्सिलला विचारा.

पुढचं_पाऊल

सगळ्यांचा अनुभव मान्य आहे. पण थोडं वेगळं मत मांडतो. सिडनीत प्रत्येक घराला काही ना काही असतंच. इथे पूर, तिथे वणवा, तिसरीकडे विमानाचा आवाज, चौथीकडे ट्रान्समिशन लाइन. आम्ही २०१९ पासून असेच कागद तपासत बसलो, चार घरं सोडली, आणि आज त्यातलं एकही आम्हाला परवडत नाही. भाडं भरतोय ते वेगळंच. ओसरींना घर आवडलंय, शेजार चांगला आहे, तीन पुरांत कोरडं राहिलंय. माझ्या मते घ्यावं. धोका शून्य असलेलं घर शोधत बसलात तर मुलगी कॉलेजला जाईल.

कृष्णाकाठ

पुढचं_पाऊल, तुमची तगमग कळते, मीही भाड्यानेच राहतो. तरी सांगलीचा आहे म्हणून लिहितो.

२००५ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. आमच्या दारात पायरीपर्यंत आलं आणि थांबलं. बाबांनी भिंतीवर खिळ्याने खूण केली. पुढची चौदा वर्षं ती खूण आमच्या घरातली सगळ्यात भरवशाची गोष्ट होती. कुणी विचारलं की बाबा खूण दाखवायचे आणि म्हणायचे, एवढ्या मोठ्या पुरातही आत आलं नाही. २०१९ ला इशारे आले तेव्हा त्यांनी खुणेच्या वर दोन फूट सामान उचललं आणि निवांत बसले. पाणी ५७ फुटांवर गेलं. आईबाबा बोटीतून बाहेर पडले. आजोबांच्या वह्या, आईच्या लग्नातल्या साड्या, शिलाई मशीन, सगळं चिखलात. मी इथे सिडनीत फोन हातात घेऊन बसलो होतो.

महाराष्ट्रात निळी आणि लाल पूररेषा असते, २५ वर्षांची आणि १०० वर्षांची. आम्हाला त्या रेषा माहीत होत्या. पण बाबांना खिळ्याची खूण जास्त खरी वाटायची, कारण ती त्यांनी स्वतः पाहिली होती. ओसरी, त्या शेजारच्या आजींचं बोलणं वाचून बाबाच आठवले.

ओसरी

कृष्णाकाठ, वाचून डोळ्यांत पाणी आलं. आईबाबा आता ठीक आहेत ना?

पाणवठा, तुमचं उत्तर नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. काउन्सिलकडे आज अर्ज केला. सर्व्हेयरलाही फोन केला, एजंटने परवानगी दिली तर या शुक्रवारी मोजणार.

कृष्णाकाठ

ठीक आहेत. वरचा मजला बांधलाय, आता तिथेच राहतात.

आंबामोहर

ब्रिस्बेनहून +१. २०११ मध्ये आमच्या नदीची पातळी ४.४६ मीटर होती, फेब्रुवारी २०२२ मध्ये ३.८५. आकड्यांवरून वाटेल २०२२ हलका गेला. पण तेव्हा तीन दिवसांत ६७० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, आणि २०११ मध्ये कोरडी राहिलेली कितीतरी घरं यावेळी बुडाली, कारण पाणी नदीऐवजी ओढ्यांतून आणि रस्त्यांवरून आलं. आमचं भाड्याचं घर टेकडीच्या उतारावर होतं, नदी दिसतही नव्हती. रात्री गॅरेजमध्ये गुडघाभर पाणी. सकाळी शेजाऱ्याने सांगितलं की आमच्या अंगणाखालून जुना ओढा पाइपमध्ये घालून नेलाय.

इथे काउन्सिलचा 'फ्लडवाइज' रिपोर्ट फुकट मिळतो, त्यात जमिनीची आणि पुराची पातळी मीटरमध्ये असते. ऑगस्ट २०२५ पासून क्वीन्सलँडमध्ये विकणाऱ्याला माहितीपत्रक देणं सक्तीचं झालंय, पण घरात पूर्वी पाणी आलं होतं का हे सांगणं त्यात येत नाही. ते आपणच शोधायचं.

घर बघायला जाल तेव्हा रस्त्याचा सर्वात खोल भाग कुठे आहे ते बघा. मॅनहोल, मोठी जाळी, दोन घरांमधली गवताची मोकळी पट्टी. पाणी कुठून जाणार ते बहुतेक वेळा जमीनच सांगते.

नीलगिरी

दुसऱ्या घराबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी लिहिते. आम्ही लोअर ब्लू माउंटन्समध्ये २००९ पासून राहतो. १७ ऑक्टोबर २०१३ ला स्प्रिंगवूड-विनमलीच्या बाजूला सुमारे २०० घरं एका दुपारी गेली. आमचं वाचलं, मागच्या गल्लीतली तीन गेली. तेव्हापासून हा विषय माझ्यासाठी कागदी राहिलेला नाही.

'बुशफायर प्रोन लँड' असा शिक्का म्हणजे घर घेऊ नका असं नाही. नकाशात झाडी आणि तिच्याभोवतीचा पट्टा रंगवलेला असतो. दाट जंगल असेल तर १०० मीटर, हलक्या झाडीला ३०. तुमचं कुंपण संपताच बुश आहे म्हटल्यावर तुम्ही पट्ट्याच्या अगदी आतल्या कडेला असणार. म्हणून पुढचा प्रश्न: बॅल किती?

बॅल म्हणजे आगीची झळ घरापर्यंत किती पोचेल याची पायरी. १२.५, १९, २९, ४०, आणि शेवटी फ्लेम झोन, म्हणजे ज्वाळा थेट घराला भिडतील अशी जागा. आकडा दर चौरस मीटरला किती किलोवॉट उष्णता येईल त्याचा आहे. तो ठरतो झाडी कुठल्या प्रकारची, किती लांब, आणि झाडीखालची जमीन कुठल्या बाजूला उतरते यावर. ओसरी, तुम्ही लिहिलंय घर उताराच्या वरच्या टोकाला आहे. हेच मला सर्वात जास्त टोचलं. आग चढावर धावते. दर दहा अंशांच्या चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो. इन्स्पेक्शनच्या वेळी डेकवरून दरीचं जे सुंदर दृश्य दिसलं असेल, आग तिथूनच वर येते.

आता बांधकामाचं. २००२ च्या आधीच्या घरांना वणव्याचे नियम लागूच नव्हते. घर कोणत्या साली बांधलं, आणि नंतर डेक किंवा खोली वाढवली असेल तर ती कोणत्या बॅलला मंजूर झाली, हे काउन्सिलच्या फाइलमध्ये मिळेल. आणि बॅलचा अंदाज स्वतः लावू नका. मान्यताप्राप्त सल्लागार असतात, बी.पी.ए.डी. म्हणतात, ते जागेवर येऊन लेखी देतात.

२०१३ मध्ये मी जे डोळ्यांनी पाहिलं ते असं: ज्वाळा आमच्या रस्त्यापर्यंत आल्याच नाहीत. आल्या त्या ठिणग्या. वाऱ्यावर जळती साल, पानं, आगीच्या पुढे कितीतरी लांब. बहुतेक घरं अशाच ठिणग्यांनी पेटतात, छताच्या कडेच्या पन्हळीतली, म्हणजे इथल्या भाषेत गटारातली, सुकी पानं, डेकखालची लाकडं, कौलांमधली फट. शेजारच्या काकांनी सकाळीच गटारं ओल्या पोत्यांनी बंद करून पाण्याने भरली होती. त्यांचं घर उभं राहिलं. तेव्हापासून सप्टेंबर आला की दर रविवारी आमच्याकडे शिडी बाहेर निघते. हे काम आयुष्यभराचं आहे आणि आईबाबांना झेपणारं नाही, याचाही विचार करा.

शेवटचं: रस्ता. बाहेर पडायला एकच रस्ता आणि तोही डोंगरकड्यावरून असेल, तर मी ते घर घेणार नाही. कॅनबेरात जानेवारी २००३ मध्ये सुमारे ५०० घरं जळाली, ती साध्या उपनगरांतली होती, जंगलातली नव्हती. 'आम्ही शहरात आहोत' हा दिलासा धरून बसू नका.

हिशोबवही

अवांतर नाही, उलट सगळ्यात आधी करण्यासारखं काम: सही करण्याआधी त्याच पत्त्यावर घराच्या विम्याचे तीन-चार कोट, म्हणजे हप्त्याचे आकडे, काढा. ऑनलाइन दहा मिनिटं लागतात. पुराचं कव्हर ठेवून एक आकडा घ्या आणि काढून टाकून दुसरा. दोन्हींमधला फरक म्हणजे विमा कंपनीला तुमच्या जागेबद्दल काय वाटतं ते. आमच्या एका मित्राने क्रीककाठचं घर पक्कं केलं आणि मग कोट काढला. वर्षाचा हप्ता त्याच्या महिन्याच्या गृहकर्जाच्या हप्त्यापेक्षा मोठा आला. बँकेला विमा दाखवल्याशिवाय कर्ज मिळत नाही, म्हणून कव्हर कमी करून त्याने कसंबसं सेटलमेंट केलं, म्हणजे खरेदी पुरी केली. आता दर पावसाळी रात्री तो जागा असतो.

'फ्लड' या शब्दाची व्याख्या २०१२ पासून सगळ्या पॉलिसींमध्ये एकच आहे: नदी, ओढा, तलाव, धरण यांचं पाणी बाहेर येणं. 'स्टॉर्म' म्हणजे पावसाचं पाणी, ते वेगळं. काही पॉलिसींमध्ये फ्लड मुळात नसतो. आणि बहुतेक नव्या पॉलिसींना पहिले ४८ ते ७२ तास पूर आणि वणवा लागू होत नाही, म्हणून धूर दिसल्यावर विमा घेऊन उपयोग नाही.

ओसरी

पहिल्या घराचे कोट काढले. पूर धरून आणि न धरता यातला फरक इथे लिहायला जीव होत नाही. दोन कंपन्यांनी तर ऑनलाइन कोट दिलाच नाही, फोन करा म्हणाल्या.

ग्रॅनी फ्लॅटचं कुणी सांगेल का?

कागदपत्र

सांगते. न्यू साउथ वेल्समध्ये ६० चौरस मीटरपर्यंतचा ग्रॅनी फ्लॅट, जागा ४५० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर, काउन्सिलच्या लांबलचक डी.ए.शिवाय (बांधकाम-परवानगीचा अर्ज) सी.डी.सी.ने (ठरलेल्या नियमांत बसलं की मिळणारी झटपट मंजुरी) मंजूर होऊ शकतो. लोक एवढंच ऐकतात आणि हिशोबात भाडंही धरतात. पण पुराच्या धोकादायक भागात, पाणी वाहण्याच्या वाटेत, किंवा बॅल ४० आणि फ्लेम झोनमध्ये हा सोपा मार्ग बंद. मग डी.ए., वेगवेगळे रिपोर्ट, आणि काही वेळा सरळ नकार. तुमच्या दोन्ही घरांना हे लागू शकतं. हे नियम आड आले तर जागा ६०० चौरस मीटर असूनही भागत नाही.

झोनबद्दल. तुमच्या लॉटवर आर२ (विरळ वस्तीचा निवासी झोन) लिहिलंय, छान, पण शेजारच्या आणि मागच्या लॉटचा झोन बघितलात का? राज्याच्या प्लॅनिंग पोर्टलच्या स्पेशियल व्ह्यूअरवर पत्ता टाका आणि नकाशावर झोनचा थर लावा. वायव्य सिडनीत मी जे पुन्हा पुन्हा पाहिलं ते एस.पी.२. ड्रेनेजसाठी, रस्त्यासाठी राखून ठेवलेली जमीन. काही वेळा अर्धा लॉट आर२ आणि मागची पट्टी एस.पी.२ असते, आणि बघताना दोन्हीवर एकच हिरवं गवत. आमच्याकडे आलेल्या एका जोडप्याने मागची बाग बघून घर पसंत केलं होतं. बागेचा एक तृतीयांश भाग संपादनाच्या नकाशात होता. कायद्याने बाजारभाव मिळतो, पण तो कधी मिळेल हे आपल्या हातात नाही, आणि तोपर्यंत तिथे शेडसुद्धा बांधता येत नाही. त्यांनी माघार घेतली.

मागे रिकामी जागा आर३ किंवा त्याहून दाट झोनची असेल तर उद्या तिथे चार मजले उभे राहू शकतात. वेस्टर्न सिडनी विमानतळाच्या भोवती घर बघत असाल तर आवाजाचे नकाशेही बघा.

टायटलसोबत '८८बी' नावाचा कागद असतो तो वाचा, वकिलालाही वाचायला लावा. ईझमेंट, म्हणजे तुमच्या जागेतून पाइप किंवा वाट नेण्याचे दुसऱ्यांचे हक्क, त्यातच असतात. बुशजवळच्या नव्या वस्त्यांमध्ये घराभोवतीची इतकी मीटर जागा कायम साफ ठेवायची अशी अटही त्यातच असते, आणि ती मोडली तर जबाबदारी मालकाची. काही लॉटना पावसाचं पाणी साठवणारी टाकी नीट राखण्याचं बंधन असतं. गोडीने विचारलंत तर काउन्सिलमधले ड्यूटी प्लॅनर फोनवर यातलं बरंच समजावून सांगतात. मी स्वतः अजून त्यांना फोन करते.

पुढचं_पाऊल

कृष्णाकाठ आणि कागदपत्र, तुमचे प्रतिसाद वाचून काल रात्री आम्ही २०१९ मध्ये सोडलेल्या चार घरांचे पत्ते काढून बसलो. त्यातलं एक रिचमंडजवळचं होतं. ते आम्ही फक्त दहा हजार डॉलरसाठी सोडलं होतं, पुराचं आम्ही तेव्हा विचारलंच नव्हतं. धाग्याची वाचनखूण साठवली.

पाणवठा

पुढचं_पाऊल, तुमचा मुद्दाही खरा आहे. धोका नसलेली जागा मिळणार नाही. माझं स्वतःचं घर कमाल संभाव्य पुराच्या आत येतं. ते मला घेताना माहीत होतं, फ्लोअर १ टक्क्याच्या पातळीच्या दीड मीटर वर आहे, मागच्या रस्त्याने चढावर जाता येतं, आणि विम्याचा हप्ता परवडतो. यातलं एक जरी नसतं तर घेतलं नसतं. भाव त्या धोक्याइतका उतरलाय का, हेही बघा. बऱ्याच वेळा उतरलेला नसतो, कारण समोर बोली लावणाऱ्याने विचारलेलंच नसतं.

एस.ई.एस.च्या (राज्याची आपत्कालीन सेवा) फ्लड डेटा पोर्टलवर काउन्सिलांचे पूर-अभ्यास मिळतात. जाड असतात, पण मागचे नकाशे बघितले तरी पुरे.

ओसरी

दोन आठवड्यांनी परत आले. उशीर झाला, क्षमस्व.

काउन्सिलचं पत्र आलं. १ टक्क्याच्या पुराची पातळी १७.३ मीटर. सर्व्हेयरने मोजलेली अंगणाची पातळी १६.५, फ्लोअर १६.९. म्हणजे जुलै २०२२ च्या पाण्यापासून फ्लोअर तीन मीटर वर, आणि १ टक्क्याच्या पुरात घरात चाळीस सेंटिमीटर पाणी. एजंट आणि आजी दोघंही खरंच बोलत होते. मी नवऱ्यासोबत हॉलमध्ये उभी राहून भिंतीवर हाताने चाळीस सेंटिमीटर दाखवले. मुलीच्या पलंगाच्या बरोबर. १८६७ इतकं आलं तर दारांच्या चौकटीही दिसणार नाहीत. घरातून बाहेर पडायचा रस्ता घराहून खोलगट आहे, म्हणजे तो आधी जाणार. ऑक्शन शनिवारी आहे. आम्ही जाणार नाही. मुलगी रडली, तिला पत्रातला नकाशा दाखवून समजावलं.

दुसऱ्या घराच्या बॅलसाठी सल्लागार येऊन गेले. घरापाशी २९, मागे जिथे ग्रॅनी फ्लॅट बांधायचा होता तिथे फ्लेम झोन. घर १९८४ चं आहे. नीलगिरी, तुम्ही म्हणालात तसंच, सगळा दोष त्या उताराचा. ते घर अजून पूर्ण सोडलं नाही. बाहेर पडायला दोन रस्ते आहेत आणि विम्याचा हप्ता झेपेल असा आहे. पण ग्रॅनी फ्लॅट नाही म्हणजे आईबाबांसाठी आतली खोली द्यावी लागेल. बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, खोलीचं बघू, पण गटारं साफ करायला शिडीवर मी चढणार नाही हे आत्ताच सांगतो.

काल टुंगाबीत तिसरं घर बघितलं. टुंगाबी क्रीक दोन गल्ल्या पलीकडे आहे. यावेळी इन्स्पेक्शनच्या आधीच पत्रासाठी अर्ज केला.

कागदपत्र

पत्र आलं की ८८बी आणि सर्टिफिकेटची पुराची पानं पत्ता झाकून इथे टाका. शनिवारी सकाळी मी मोकळी आहे, बघून सांगते.

पाणवठा

टुंगाबी क्रीकचं वेगळं आहे. तिथे हॉक्सबरीसारखं पाणी मागून चढत नाही, वरून झपाट्याने येतं आणि इशाऱ्याला फार वेळ मिळत नाही. पातळीसोबत पाण्याचा वेगही मागा. फ्लोअर लेव्हल कळली की लिहा.